आधार

कॉम्प्युटरच्या खोलीत सहा यंत्रं, चालणारी साडेतीन.
अर्ध्या यंत्राचा माऊस डावीकडेच ओढतो,
बाजारातून घरच्या वाटेला लागलेल्या बैलासारखा.

सोमवार. दहावी ब. तिसरा तास.
फळ्यावर लिहिलं होतं, 'माहितीचा जबाबदार वापर',
खाली एक, दोन, तीन.
आकड्यांपुढं अजून काही नव्हतं.

भैरू घाडीनं हात वर केला.
"बाई, कालचं ते शिकवा की.
समदे तेच बघूलालेत."
फोन शाळेत चालत नाही. त्याच्या दप्तरात होता.
मी घेतला, रागावले,
आणि मोठ्या पडद्याला जोडला.

एकोणतीस सेकंद.
लाल बस. दगड. काच खाली येते,
फाटल्या पोत्यातून साखर यावी तशी.
कोणी ओरडतं, काय ते कळत नाही.
खाली मराठीत: काल संध्याकाळी, पिरनवाडी नाक्यावर.
आपल्या माणसांना मारलं. रक्त असेल तर पुढं पाठवा.
आणि वर ते दोन बाण, एकाला एक चिकटलेले.

म्हटलं, थांबवा.
मारणारे नका बघू. मागं काय आहे ते बघा.

"नारळ लई आहेत," सानिका म्हणाली.
"काल चिखल होता की नाक्यावर. हितं धूळ उडूलालीय."
मागच्या बाकावर कन्नड विभागाच्या तीन मुली,
त्यांचे सर जनगणनेला गेलेत म्हणून आमच्यात बसवलेल्या.
त्यांतली शिवलीला उठली,
एकेक मराठी शब्द तोलून बोलली:
"बाई, दुकानाची पाटी... ती आमची अक्षरं नव्हेत.
तलकट्टु वेगळा आहे. तेलुगू असेल."

पस्तीस मार्कांपुरतं कन्नड आम्हां सगळ्यांना येतं.
त्या पाट्यांखालूनच रोज शाळेला येतो.
अक्षरांच्या डोक्यावर काय असतं
ते कोणी वर बघून पाहिलं नव्हतं.

मी फळ्याकडं वळले.
एक, हे कोणी काढलं?
दोन, कुठं, कधी?
तीन, याला आधार काय?

"तुला कुणी पाठवलं, भैरू?"
"मामानं."
"मामाला?"
"कारखान्याच्या ग्रुपवर आलं."
त्या ग्रुपात माझे मेव्हणे आहेत.
रविवारी रात्री दहा चाळीसला
मीच तो बहिणीला धाडला होता,
खाली लिहून, सांभाळून राहा गं.
काळजी म्हणूनच.
काळजीलाही बाण लागतात, दोन.

वीज गेली असती तर बरं झालं असतं.
रोज जाते. त्या दिवशी गेली नाही.
"मीही पाठवला होता," मी म्हणाले.
कोणी हसलं नाही.
हसले असते तर सोपं गेलं असतं.

शिवलीला अजून उभीच होती.
"आमचे अप्पा कंडक्टर आहेत," ती म्हणाली.
"आज खाकीवर दुसरा शर्ट घालून गेले.
उकडत होतं, तरी."
आणि बसली.

रात्री बहिणीला लिहिलं, मेव्हण्यांना लिहिलं,
आमच्या गल्लीच्या ग्रुपवरही:
तो व्हिडिओ इथला नाही. मी न बघता पुढं पाठवला. चूक माझी.
दोन अंगठे आले.
एकानं विचारलं, उद्या दूधवाला येणार आहे का?
माझी चूक कोणी पुढं पाठवली नाही.

मंगळवारी सकाळची खानापूर गाडी.
कंडक्टरच्या खाकीवर चौकड्यांचा शर्ट,
बगला भिजलेल्या.
तिचे अप्पा असतील. नसतीलही.
मी कन्नडमधून म्हटलं, खानापूर, ओंदु.
त्यानं मराठीतून विचारलं, शाळेच्या बाई काय?
बायकांना तिकीट शून्य रुपयांचं इथं,
फक्त कार्ड दाखवायचं असतं.
त्यानं हात पुढं केला.
"आधार, बाई?"

पर्समध्ये हात तळापर्यंत गेला.
खडूचा तुकडा लागला, किल्ली लागली.
मागं दारात माणसं खोळंबली होती.
तो थांबला.